देहूरोडच्या फळ्यावरची ओळ

हिंदुराव सरांनी माझा अंगठा चुन्याच्या बादलीत बुडवून माझ्याच सदऱ्यावर उमटवला, तो दिवस मी कधी विसरलो नाही. पुण्याच्या एका कॉलेजात मी मैदानावरचा गडी होतो आणि सर खेळाचे शिक्षक. बास्केटबॉलच्या मैदानाची मापं सरांनी कागदावर लिहून दिली होती. मला अक्षर येत नव्हतं. अंदाजानं चुन्याची फक्की मारली आणि रेघ दोन हात चुकली.

"अंगठेबहाद्दर!" सर म्हणाले. पोरं हसली. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली.

पुढं देहूरोडला लष्कराच्या मैदानावर काम मिळालं. राहायला दापोडीत. शेजारी चांदभाई मिस्त्री. त्यांचा इम्तियाज त्याच कॉलेजच्या संघात खेळायचा, सगळ्यांत उंच. त्या दिवशी तोही तिथं होता, पण हसला नव्हता. दर रविवारी पाटी घेऊन यायचा आणि मला शिकवायचा. माझी चाळिशी आलेली. बाराखडी संपायला वर्ष गेलं.

छप्पन सालच्या थंडीत कॉलेजांचे सामने आमच्याच मैदानावर आले. सहा संघ, तीन-तीनचे दोन गट. प्रत्येक गटातले दोन संघ उपांत्य फेरीत जाणार, एक घरी. नियमांचा कागद फळ्यावर मीच खळीनं चिकटवला आणि दोन दिवस बोट ठेवून वाचून काढला. त्यात एक ओळ होती. गटातल्या तिघांनी एकेक सामना जिंकला, तर प्रत्येकानं केलेल्या गुणांतून त्याच्यावर झालेले गुण वजा करायचे. ज्याचे सर्वांत कमी उरतील, तो बाहेर.

हिंदुरावांच्या संघानं साताऱ्याला तीन गुणांनी हरवलं. साताऱ्यानं नगरला नऊ गुणांनी. आता शेवटचा सामना नगरशी होता. त्यात सात किंवा जास्त गुणांनी हरले की हिंदुराव घरी.

सामन्याआधी ते फळ्यापाशी आले. मला बघून थबकले.

"काय सोनबा, तू इथं होय! काय रे लिहिलंय एवढं लांबलचक?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच सांगणार होतो.

"छे, मी तरी कुणाला विचारतोय!" असं म्हणून ते हसले आणि न वाचताच वळले. मी तोंड मिटलं.

"साताऱ्याला आपण हरवलंय," ते पोरांना सांगत होते. "आज हरलो तरी आपण पुढंच. इम्तियाज, तू बस. उद्याला पाय ताजे पाहिजेत."

इम्तियाज बसला आणि नगरची पोरं सुटली. मध्यंतरात तो माठापाशी आला.

"चाचा, पाचनं मागं आहोत. हरलो तरी चालतंय ना?"

"सर सांगत्यात की," मी म्हणालो. "पाणी पी."

तो पाणी प्यायला आणि परत जाऊन बसला.

नगर आठ गुणांनी जिंकलं. हिंदुराव हसत हसत सुभेदार बबनरावांकडं गेले. सामन्यांची व्यवस्था त्यांच्याकडं होती.

"उद्या आमचा सामना किती वाजता, सुभेदार?"

"तुमचा कसला सामना, सर? साताऱ्याचे सहा, नगरचा उणे एक, तुमचे उणे पाच. तुम्ही बाहेर."

"हा कुठला नियम? कुठं लिहिलाय?"

मी फळ्यापाशी गेलो, बोट ठेवलं आणि ती ओळ मोठ्यानं वाचली. जोडाक्षराला दोनदा अडखळलो. या वेळी कुणी हसलं नाही.

हिंदुरावांचा चेहरा चुन्यासारखा झाला. "तुला वाचता येतं?"

"येतं की. मगाशी तुमी इच्यारलं, पर थांबला न्हाई."

ते ओळ स्वतः वाचायला फळ्यावर वाकले. इम्तियाज पुढं आला.

"चाचा, तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"व्हय."

"पाणी देताना पण?"

"तवाबी."

त्यानं बूट हातात घेतले आणि अनवाणीच स्टेशनकडं चालू लागला. कॉलेजातलं त्याचं ते शेवटचं वर्ष होतं.

पुन्हा तो पाटी घेऊन आला नाही. जोडाक्षरं मी एकट्यानं पक्की केली. इम्तियाजचं वाईट वाटतं, हिंदुरावांचं वाटत नाही. परत तीच वेळ आली, तर मी त्याला परत पाणीच देईन.