उपाशी पोटाला शाबासकी नाही

मी एक जुना स्मार्टफोन आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला डबडं म्हटलेलं खपत नाही. माझ्या काचेला तडा गेलाय, पाठीचं झाकण रबर लावून बसवलंय, आणि आवाज कमी करायचं बटण आत रुतून बसलंय, त्यामुळे मी बोललो की मोठ्यानेच बोलतो. हे सगळं खरं आहे. पण मी चालू आहे. माझ्याबरोबर जन्मलेले कितीतरी भाऊबंद भंगारात गेले आणि मी अजून बीडच्या मैदानावर रोज हजर असतो.

जन्माचं फार कौतुक सांगत नाही. दूरच्या कुठल्याशा कारखान्यात मला जोडलं, खोक्यात घातलं, आणि एक दिवस मी बीडच्या एका दुकानात काचेमागे येऊन बसलो. तिथून मला शिवशंकर यांनी नेलं. हे वडवणीजवळच्या खेड्यातले शेतकरी. घरात गेल्या गेल्या त्यांच्या बायकोने, सत्यभामाबाईंनी, मला हळदकुंकू लावलं. रोज पदराने पुसायच्या मला. मी त्यांना बाजारभाव सांगितले, हवामान सांगितलं, गावातल्या लग्नांचे फोटो काढले. मग घरात नवा फोन आला आणि मी भिंतीतल्या दिवळीत पडलो. ज्या हातांनी कुंकू लावलं त्याच हातांनी माझ्यावर काडेपेटी ठेवायला सुरुवात केली. लई राग आला होता, पण फोनचा राग कोण विचारतो?

तिथून मला उचललं त्यांच्या मुलीने, स्वप्नालीने. ती बीडला कॉलेजात आली आणि मला सोबत घेऊन आली. तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं. खोलीत तिच्याबरोबर पाटोद्याची पंचशीला होती, मोठ्याने हसणारी आणि पोटभर खाणारी पोरगी. आमच्याकडे खेड्यातून शिकायला आलेल्या मुलांचा डबा एसटीने येतो. सकाळच्या गाडीला आई पिशवी देते आणि बीडच्या स्टँडवर पोरं ती उतरवून घेतात. दुपारपर्यंत डबा संपतो. खरी भूक लागते ती चारच्या सुमाराला, आणि तेव्हा कॉलेजच्या फाटकाबाहेर वडापाववाला वडे तळत असतो.

याच चारच्या भुकेसाठी कॉलेजातल्या आहारशास्त्राच्या मॅडमनी एक ॲप आणलं. 'हिरवं पान' त्याचं नाव. सगळ्यांच्या फोनमध्ये ते घातलं, माझ्याही. चार वाजले की मी ओरडायचो, "काय खाल्लं? फोटो टाका." वडापाव, भजी, पुडीतले चिप्स दिसले की लाल खूण. पेरू, फुटाणे, शेंगदाणे, केळं दिसलं की हिरवं पान. ज्याची पानं जास्त त्याला शेवटी पळायचे बूट बक्षीस. आता मान्य करायला हवं की ॲप कामाचं होतं. वर्गातल्या पोरांनी वड्याऐवजी फुटाण्याच्या पुड्या घ्यायला सुरुवात केली. पेरूवाल्याची गाडी फाटकाजवळ सरकली. मलाही कितीतरी दिवसांनी वाटलं की आपण नुसते रील दाखवायला जन्मलो नाही.

स्वप्नालीला ते बूट हवे होते. तिच्या बुटांचा तळ निघाला होता आणि ती ते दोऱ्याने शिवून पळत होती. तिने वडापाव सोडला, शेंगदाणे धरले. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग तिचा सोमवार आला.

सोमवारी तिचा उपास असतो, घरच्या रीतीप्रमाणे. तिने साबुदाणा वड्याचा फोटो टाकला तर ॲपने लाल खूण दिली. पुढच्या सोमवारी तिने चिडून काहीच खाल्लं नाही आणि फोटोही टाकला नाही. दिवस मावळताना ॲपने हिशेब केला. वाईट काही खाल्लं नाही, म्हणजे पोरगी शहाणी. लगेच एक हिरवं पान आलं आणि माझ्या तोंडून भर खोलीत आवाज निघाला, "शाबास. आज एकही चुकीचा घास नाही." आवाज माझा होता, मित्रांनो, शब्द माझे नव्हते. ॲप लिहिणाऱ्याला उपास म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं, त्याचा दोष मी माझ्या माथी घेणार नाही.

स्वप्नालीला मात्र वाट सापडली. सोमवारच्या जोडीला गुरुवार आला. मग चतुर्थी, एकादशी. मग शुक्रवार धरला. पंचशीला तिला म्हणायची, "कोणत्या देवाचा हाय गं आजचा? नाव तरी सांग त्याचं." स्वप्नाली बुटांना दोरा घालायला घ्यायची. पंचशीलाच्या घरी उपास करत नाहीत. ती आपली भाकरी मोडून पुढे करायची आणि म्हणायची, "आमच्यात उपाशी राहिलं तर कुणी पान देत न्हाई, उलट आई रागावती. खा गुमान." स्वप्नाली ताट बाजूला सारायची. कॉलेजच्या फळ्यावर तिचं नाव सगळ्यात वर लागलं आणि पंचशीलाचं सगळ्यात खाली. मी दोघींच्या मध्ये उशीजवळ पडलेला असायचो आणि रोज संध्याकाळी मला ते मेलं शाबास म्हणावं लागायचं. फेकून द्यावंसं वाटायचं ते ॲप, पण मला हात कुठे आहेत?

मैदानावर तिचा वेग कमी होत गेला. आठशे मीटरच्या शेवटच्या वळणावर ती पोट धरायची. एका सकाळी ती वळणावरच कोसळली. पंचशीलाने रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त कमी आहे, ही जेवते की नाही? सलाईन लागली. दुपारच्या गाडीने शिवशंकर आले. लेकीच्या उशाशी बसले, तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिले. आणि नेमका तेव्हा दिवस मावळला. मी उशीखालून ओरडलो, "शाबास. आज एकही चुकीचा घास नाही."

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली.

"कोण हाय ह्यो?" शिवशंकर उठलेच. "माझी पोरगी इथं सलाईनवर पडलीय अन् ह्यो शाबास म्हणतोय?"

पंचशीलाने मग काहीच लपवलं नाही. पानं, बूट, उपास, सगळं सांगून टाकलं. शिवशंकर खाली बसले. त्यांनी मला उशीखालून ओढून हातात धरलं. मला वाटलं आता भिंतीवर आपटणार. पण त्यांचा राग लेकीवरच निघाला. "उपास देवाचा आसतो बाई, बुटाचा न्हाई. बास झालं तुझं बीड. सामान बांध, गावाकडं चल."

"आप्पा, मी येणार न्हाई," स्वप्नाली म्हणाली. आवाज बारीक होता पण हलला नाही. "चूक झाली. पण पळणं चुकीचं न्हाई. मला थोडा वेळ द्या. मग तुमी सोता येऊन बगा. पडले, तर गुमान गाडीत बसते."

शिवशंकर लेकीला ओळखून होते. ते म्हणाले, "घट बसल्यावर येतो. तवर फोनवर रोज सांगायचं, काय जेवलीस ते. खोटं बोललीस तर तवाच बीड संपलं."

दोन दिवसांनी मॅडम खोलीवर आल्या. बुटांचं खोकं घेऊनच आल्या होत्या. त्यांना दवाखान्यातलं काही माहीत नव्हतं. "सगळ्यात जास्त पानं तुझी आहेत," त्या म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात कार्यक्रम आहे, माप बघून घे."

स्वप्नालीने खोकं उघडलंच नाही. "मॅडम, ह्यातली निम्मी पानं उपाशी पोटाची हायेत. मला नको हे बूट."

मॅडम गोंधळल्या. ॲप वाईट खाणं कमी करायला आहे, सगळ्या वर्गाचे आकडे चांगले आलेत, असं त्या सांगत राहिल्या. स्वप्नालीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते खरं हाय. पण जो काहीच खात न्हाई त्याला शाबास म्हणू नका. त्याला इचारा, कावून खाल्लं न्हाई?"

मॅडमनी खोकं उचललं. जाताना एवढंच म्हणाल्या, "हे मला सुचायला हवं होतं." बूट दुसऱ्या कुणाला तरी मिळाले. पण ॲप बदललं. आता चारची वेळ टळून गेली आणि फोटो आला नाही की मी विचारतो, "कावून खाल्लं न्हाई?" अगदी याच शब्दांत, 'का'ला 'कावून' म्हणणाऱ्या आमच्या बीडच्या बोलीत. मॅडमनीच तसं लिहून घेतलं. हे मी माझ्या पूर्ण आवाजात ओरडतो, आणि बटण रुतलंय याचं मला आता काही वाटत नाही.

घट बसले. स्वप्नालीच्या घरी पोरीबाळी नऊ दिवस उपास धरतात. शिवशंकर अनवाणी पायांनी मैदानावर आले, त्यांचाही उपास होता. स्वप्नालीने त्यांच्या देखतच पिशवीतून मूठभर फुटाणे काढले आणि खायला लागली.

"घट बसलेत बाई," शिवशंकर म्हणाले.

"देवीला मी सांगितलंय आप्पा. तिला पळणारी पोरगी चालती."

तिने माझ्यातलं सेकंद मोजायचं घड्याळ उघडून मला त्यांच्या हातात दिलं आणि रेषेवर जाऊन उभी राहिली. ती सुटली आणि त्यांनी घड्याळ चालू केलं. दोऱ्याने शिवलेले बूट मातीवर आपटत होते. शेवटच्या वळणावर शिवशंकर यांची माझ्यावरची पकड घट्ट झाली. ती वळण पार करून गेली. रेषा ओलांडून थांबली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पडली नाही. शिवशंकर घड्याळ थांबवायचं विसरले होते, मी आपला पळतच होतो.

ती धापा टाकत आली. "किती लागले आप्पा?"

"म्या कुठं बगितलं," ते म्हणाले. "तुझ्याकडंच बगत होतो." मग मला तिच्या हातात देऊन म्हणाले, "मी निघतो वडवणीच्या गाडीनं. तू ऱ्हा हितंच."

मित्रांनो, मला जपा असं मी विनवणार नाही. जपलं नाही तरी मी असाच ओरडत राहीन. पण एक विचारतो. माझी बॅटरी लाल झाली की तुमचा जीव खालीवर होतो. वर्गातून उठता, भिंतीभिंतीला प्लग शोधता, अनोळखी माणसापुढे वायरीसाठी हात पसरता. मला एक तास उपाशी ठेवत नाही तुम्ही. मग सकाळपासून ज्याने काही खाल्लं नाही, त्या तुमच्या जिवाचंच तुम्हाला काही वाटत नाही, ते कावून?