पाऱ्याच्या पेटीचा सूड

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. रक्तदाब मोजायची, पाऱ्याची. माझ्या पोटात काचेची उभी नळी आहे, नळीत पारा आहे, आणि रबरी नळीच्या टोकाला दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा आहे. तुम्ही म्हणाल, निर्जीव वस्तूला कसला राग आणि कसला लोभ? तर ऐका. मी एका माणसावर दीड वर्ष डूख धरून होते, आणि ते सांगायला मला जराही लाज वाटत नाही.

जिथे मी घडले तिथे एक चष्मेवाले कारागीर होते. प्रत्येक नवी पेटी ते एका पारखलेल्या पेटीशी ताडून बघत. मला त्यांनी तीनदा ताडून बघितलं. दर वेळी पारा शून्यावर नीट टेकला की नाही ते डोळा लावून पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाले, "ही पोरगी खोटं बोलायची नाही." तेवढी एक शाबासकी घेऊन मी जगात आले.

माझी रवानगी झाली एका शिवणकारखान्याच्या दवाखान्यात. दवाखाना म्हणजे शिवणाच्या हॉलच्या वर, दोन जिने चढून गेल्यावर लागणारी एक खोली. एक खाट, एक पाठीची खुर्ची, एक खिडकी आणि एक सिस्टर. सुरुवातीची वर्षं छान गेली. सिस्टर मला रोज मऊ फडक्याने पुसायची. बायका वर आल्या की आधी विचारायच्या, "पेटी काय म्हणते?" मग स्वतःचं दुखणं सांगायच्या.

मग घोटाळा झाला. कारखान्यात ज्या बायका गरोदर असत, त्यांना सिस्टर दर सोमवारी दहा मिनिटांच्या सुट्टीत वर बोलवायची. त्या दोन जिने धापा टाकत चढायच्या, खुर्चीच्या कडेला टेकायच्या, आणि सिस्टर घाईघाईत बाहीवरूनच पट्टा गुंडाळायची. तेवढ्यात एकीकडे सासूची तक्रारही चालू असायची. असं केल्यावर आकडा चढणार नाही तर काय होईल? जे दिसलं ते मी सांगितलं. एका महिन्यात सिस्टरने तिघींना मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे त्या दोन-दोन तास बाकावर बसून राहिल्या आणि मग त्यांचा दाब अगदी ठीक निघाला.

इकडे खालचा हॉल सांभाळणाऱ्या मुकादमांच्या तीन मशिनी बंद पडून राहिल्या. ते तणतणत वर आले. "सिस्टर, तुमची ही पेटी खोटारडी आहे! बायकांना घरी बसायला निमित्त देते नुसती." आणि माझ्या झाकणावर त्यांनी कागद डकवला. त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'खोटारडी. वापरू नये.'

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला कपाटावर टाकलं. अंगावर बोटभर धूळ बसली. त्या दिवशी मी ठरवलं, या माणसाला एक दिवस माझ्या पाऱ्याकडे डोळे लावून उभं करायचं.

माझ्या जागी त्यांनी बॅटरीवरचं एक पिटुकलं यंत्र आणलं. त्यानेही तेच आकडे दाखवले. मी कपाटावर मनसोक्त हसले. मुकादम म्हणाले, "यालाही तुमची सवय लागली वाटतं." पण सिस्टर प्रामाणिक बाई. तिने मला खाली काढलं, झाकण उघडलं, आणि आत घडी करून ठेवलेला कागद पहिल्यांदा वाचला. मोजण्याआधी पाच मिनिटं स्वस्थ बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, बाही वर, बोलणं बंद.

"अगं बाई," ती मला म्हणाली, "चुकलं ते माझंच की!" तिला मी त्याच क्षणी माफ केलं. तिने हे मुकादमांनाही सांगितलं. त्यांनी हात झटकला, आणि झाकणावरचा कागद तसाच राहिला.

पुढे काजताईला सातवा लागला. ती शर्टांना काज करायच्या मशिनीवर होती म्हणून सगळे तिला काजताईच म्हणत. मुकादम तिचे मोठे दीर. सिस्टरने तिला पाच मिनिटं बसवलं, बोलू दिलं नाही, बाही वर सारून पट्टा बांधला. एकशे अठ्ठेचाळीसवर शहाण्णव. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं तरी तेच. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी घेऊन काजताई दवाखान्यात मुकादमांसमोर उभी राहिली.

"भावोजी, दिवसातून दोनदा वीस मिनिटं डाव्या कुशीवर पडायला सांगितलंय. आणि थोडं सावकाश चालायला."

"तू घरची आहेस," मुकादम म्हणाले. "तुलाच सूट दिली तर बाकीच्या माझ्या तोंडावर हसतील. आणि आकडा सांगितला कुणी? या पेटीनं?" त्यांनी चिठ्ठीची घडी करून खिशात घातली.

काजताई आठ दिवस तशीच स्टुलावर वाकून काज करत राहिली. नवव्या दिवशी दोघींनी तिला धरून वर आणलं. डोकं फुटेल असं दुखत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. एकशे बासष्टवर एकशे चार. सिस्टरने स्वतः गाडी बोलावली.

मी खरी ठरले म्हणून मला आनंद झाला असेल असं वाटतं ना तुम्हाला? नाही झाला. मला सूड हवा होता त्यांचा, आणि भोगत होती ती. मला आणखीच राग आला.

पाच दिवसांनी इस्पितळातून ती परत आली. डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं होतं. बाळाला अजून पोटात राहू द्यायला हवं, एकेक आठवडा मोलाचा आहे. दाब आटोक्यात राहिला तर थांबू, चढला तर लगेच बाळंतपण करावं लागेल. त्या दिवशी मुकादम वर आले, चुरगळलेली चिठ्ठी सिस्टरच्या टेबलावर ठेवली आणि खाली गेले.

मग रोज दोनदा काजताई खाटेवर डाव्या कुशीला पडायची. सिस्टर हळू आवाजात मोजायची, चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर. "खांदे सैल सोड. दात कशाला आवळतेस? कुणाला चावायचंय?" मग घोटे गोल फिरवायचे, खांदे मागे घ्यायचे, आणि दवाखान्यापुढच्या सपाट व्हरांड्यात गप्पा मारता येतील इतक्या सावकाश फेऱ्या. डोकं दुखलं, गरगरलं की तिथेच थांबायचं आणि सांगायचं. आणखी दोघी गरोदर बायका तिच्यासोबत चालू लागल्या. व्हरांड्यातले कापडाचे तागे मुकादमांनी स्वतः उचलून बाजूला लावले. आकडे उतरू लागले. गोळीने उतरले की विश्रांतीने, ते डॉक्टर जाणोत. मी फक्त आकडा सांगते.

पण मधेच एका शुक्रवारी पारा पुन्हा चढला. डॉक्टर म्हणाले, सोमवारी दीडशेच्या वर गेला तर भरती व्हा.

सोमवारी मुकादम दाराशी उभे होते. टोपी हातात, नजर माझ्या नळीवर. पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मित्रांनो, याच घटकेची मी दीड वर्ष वाट पाहत होते! सिस्टरने हवा भरली. एक क्षण मनात आलं, अडकून बसावं वर, एकशे ऐंशीवर. फुटू दे घाम त्यांना. पण पट्ट्यात दंड काजताईचा होता. मी खरा आकडा दाखवत खाली आले.

"एकशे अठ्ठावीसवर ब्याऐंशी," सिस्टर म्हणाली.

"खरंच?" मुकादमांनी विचारलं.

सिस्टरने कानातल्या नळ्या काढल्या. "काय सांगावं, मुकादम. पेटी खोटारडी आहे. तुम्हीच तर कागद लावलाय."

व्हरांड्यातल्या बायका दारात गोळा झाल्या होत्या. मुकादमांनी मान खाली घातली. "नाही हो, सिस्टर. खरं बोलते ती."

"जरा मोठ्यानं बोला. मशिनींच्या आवाजात ऐकू येत नाही."

"पेटी खरं बोलते!" मुकादम ओरडले. खाली हॉलमधल्या दोन-तीन मशिनी थांबल्या. काजताईला हसू आवरेना. "हसू नकोस गं," सिस्टर म्हणाली, "अजून एकदा मोजायचंय."

बाळ आणखी पाच आठवडे पोटात राहिलं. मुलगी झाली, अंगाने लहान, आवाजाने दांडगी.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी आई, काकू, मावशी, कोणी गरोदर असेल तर डॉक्टरांनी सांगितलेला आराम तिला करू द्या, तिच्याबरोबर दोन सावकाश फेऱ्या मारा, आणि मोजण्याआधी पाच मिनिटं तिला कोणी बोलायला लावू नका. आकडा वाईट आला तर पेटीशी भांडत बसू नका, तिला गाडीत बसवा. काजताईने मुकादमांना केव्हाच माफ केलं. मुलीला आधी त्यांच्याच हातात दिलं. मी मात्र अजून माफ केलेलं नाही, आणि मला काही घाईही नाही.