तरंगणारा चंद्र

हार्डवेअरच्या दुकानावरच्या माडीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात माणसं, खिडकीत माणसं आणि मधोमध टेबलावर पाण्यानं भरलेली काचेची बरणी. बाबांनी मुठीतला रुपेरी, भोकाभोकांचा दगड सगळ्यांना दाखवला आणि अलगद पाण्यात सोडला. दगड बुडाला नाही. तो बरणीत डुलत राहिला आणि लोकांचे हात आपोआप जोडले गेले.

"ही भोकं बघा," बाबा म्हणाले. "चंद्रावरची विवरं. चंद्राचा तुकडा आहे हा, म्हणून हलका. याचं पाणी पोटात गेलं की देह हलका होतो. सूज म्हणू नका, दमा म्हणू नका, सगळा जडपणा उतरतो. फक्त जड औषधं तेवढी बंद करायची."

औषधं जड कशी, हे कुणी विचारलं नाही. जिभेला हाड नसलं की माणूस काहीही बोलतो, आणि समोर दगड तरंगत असला की लोक काहीही ऐकतात.

पुढच्याच रांगेत भूगोलाच्या बाई बसल्या होत्या. शेजारी त्यांचा थोरला भाऊ आणि वहिनी. भाऊ शिंपी. हृदय अशक्त झाल्यामुळे त्याच्या पायांना सूज यायची, ती डॉक्टरांच्या गोळ्यांनी ताब्यात होती. वहिनींच्या आग्रहाखातर तिघं आली होती. बाई तर मनातल्या मनात हसतच आल्या होत्या, कारण बाबा त्यांचाच जुना विद्यार्थी. वर्गात त्याला सगळे घोकू म्हणत. धडा समजो न समजो, त्याला तोंडपाठ असायचा.

घोकूनं त्यांना लगेच ओळखलं. वाकून हात जोडले, त्यांच्यासाठी गादीची खुर्ची मागवली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, चंद्रावर वस्तूचं वजन किती भरतं?"

"एक षष्ठांश," बाई म्हणाल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. उत्तर बरोबरच होतं. त्याच्या पुढचं वाक्यही बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण इतकी माणसं आदरानं बघत होती, खुर्ची मऊ होती, आणि आपल्याच विद्यार्थ्याचा चारचौघांत पाणउतारा कशाला करा, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर टाळ्या गोड लागल्या. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

आठवडा सरतो न सरतो तोच वहिनींचा फोन आला. भावाच्या पायांत चप्पल जात नव्हती. शिलाई मशीनचा पायटा दाबवत नव्हता, दोन वाक्यं बोलला की धाप लागत होती. गोळ्यांची पाकिटं मात्र जशीच्या तशी फळीवर होती.

बाई धावत गेल्या, गोळी काढून त्याच्यापुढे धरली. त्यानं हात मागे घेतला.

"चिमे, तिथे सगळ्यांसमोर तू बाबाच्या म्हणण्याला होकार दिलास. आता घरात येऊन उलटं सांगतेस. मी कुठलं खरं धरू?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या नजरेला नजर देववेना, म्हणून त्या खाली बघत राहिल्या. वहिनींनी त्याचे पाय शेकायला पाण्याचं घमेलं आणलं होतं. त्या पाण्यात, सुजलेल्या पावलांशेजारी, वहिनींचा टाचा घासायचा दगड तरंगत होता. भोकाभोकांचा, हलका. नुसता रुपेरी रंग नव्हता, एवढंच. तसलाच एक बाईंच्या स्वतःच्या मोरीत वर्षानुवर्षं पडलेला होता.

त्यांनी तो दगड उचलला, ओलाच पदरात गुंडाळला आणि वहिनींना घेऊन तडक माडी गाठली. आजही ती माणसांनी भरलेली होती. घोकूनं पुन्हा खुर्ची मागवली. बाई बसल्या नाहीत. त्यांनी बरणीत दुसरा दगड सोडला. दोन्ही दगड शेजारी शेजारी डुलू लागले.

"वा," घोकू म्हणाला, "चंद्र बाईंच्याही घरी पोचला."

"मोरीत पोचलाय," बाई म्हणाल्या. "टाचा घासायचा आहे." त्यांनी रुपेरी दगड काढून टेबलाच्या कडेवर खरवडला. खालून तोच राखाडी रंग निघाला. मग त्यांनी सांगितलं की ज्वालामुखीचा फेस निवून हा दगड होतो, त्याच्या भोकांत हवा कोंडलेली असते, म्हणून तो तरंगतो. चंद्रावर वजन कमी भरतं ते चंद्राची ओढ कमी म्हणून. ती ओढ तिथेच राहते, पिशवीत भरून आणता येत नाही.

"माणसं चंद्रावर जाऊन आली," त्या म्हणाल्या. "तिथे उड्या मारत चालली. घरी परतल्यावर तरंगत होती का? त्यांनी आणलेले दगडही इथे इतर दगडांसारखेच जड आहेत. पाण्यात टाकले तर बुडतील."

कुणीतरी फिसकन हसलं. घोकूचा चेहरा उतरला. "पण बाई, त्या दिवशी तुम्हीच तर…"

"हो. त्या दिवशी मी अर्धंच बोलले. माझ्या अर्ध्या उत्तरावर माझ्या भावानं गोळ्या सोडल्या. तुमच्यापैकी ज्यांनी सोडल्या असतील, त्यांनी आज डॉक्टरांकडे जा. आणि कुणीही सांगितलं, अगदी बाईंनी सांगितलं, तरी 'कशावरून' म्हणून विचारा."

मागून एक तरुण आई उठली. तिच्या कडेवर दम्यानं सूं सूं करणारी मुलगी होती. "हे तेव्हाच का नाही सांगितलंत?" तिनं विचारलं. टाळ्या गोड लागल्या, हे त्या आईला कसं सांगणार? बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. जिना रिकामा होत गेला.

घरी गेल्यावर वहिनींनी सगळं सांगितलं. भावानं मुकाट्यानं गोळी घेतली आणि डॉक्टरांकडेही गेला. हळूहळू सूज उतरली, मशीन पुन्हा सुरू झालं. बाई आल्या की दारातच घुटमळत. शेवटी एकदा त्यांनी माफी मागितली.

"मी तरी कुठे काही विचारलं?" तो म्हणाला. पायटा थांबवून त्यानं जरा विचार केला. "बरं, चंद्राचं चांदणं गार असतं म्हणतात. कशावरून?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत वर्गात जे कधी तोंडातून निघालं नव्हतं, ते बाई म्हणाल्या.

"मला नक्की माहीत नाही, दादा. बघून सांगते."