खाचेतला घरजावई

सकाळपासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खुर्चीत बसायची, उठून खिडकीपर्यंत जायची, पुन्हा पडद्यासमोर यायची. खरं तर आनंदाने नाचावं अशी वेळ होती. फ्लूच्या विषाणूवरच्या एका प्रथिनाला खाच असते. त्या खाचेत एखादा छोटा रेणू ठाण मांडून बसला, की विषाणूचं पुढचं काम अडतं. असा रेणू ती वर्षभर कॉम्प्युटरवर शोधत होती आणि आता तो सापडला होता. पडद्यावरच्या आभासी प्रयोगात पाणी उसळत होतं, प्रथिन थरथरत होतं, पण हा पठ्ठ्या जागचा हलत नव्हता. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये सर ठरवणार होते, प्रयोगशाळेत हा बनवायचा की तिने मागे टाकलेला दुसरा. दोघांना लागणारा कच्चा माल एकच, तोही एकदाच पुरेल एवढा. तिची नोकरी पुढे चालणंही याच रेणूवर होतं.

मग जीव का खालीवर होतोय, हे तिचं तिलाच कळेना.

तेवढ्यात आईचा फोन. आई नुकतीच तापातून उठलेली, आवाज बसलेला, जीभ मात्र शाबूत.

"काय म्हणतो आमचा घरजावई?" लेक सारखं त्या रेणूचंच कौतुक करते, म्हणून आईने त्याला हे नाव ठेवलं होतं.

"बसलाय खाचेत. हूं नाही की चूं नाही."

"इतका गरीब? अगं, तुझे बाबासुद्धा सासुरवाडीला आले की चुळबुळायचे. पाय बांधलेत की काय त्याचे?"

ती हसायला गेली आणि मधेच थांबली. "नंतर करते," म्हणून तिने फोन ठेवला.

पाय बांधतातच. पाणी आणि प्रथिन स्थिरावेपर्यंत रेणू भरकटू नये म्हणून त्याला सुरुवातीला जागेवर जखडून ठेवतात. मग सोडायचं आणि बघायचं, आपणहून राहतो का. तिने सेटिंगची फाइल उघडली. दुसऱ्या रेणूला सोडलं होतं. याला सोडलंच नव्हतं. घाईत जुनी फाइल तशीच वापरली होती, आणि वर ऐटीत सगळ्यांना दाखवलं होतं.

तिने बंधन काढून तो प्रयोग पुन्हा चालवला. जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा घरजावई थोडा घुटमळला, कुशीवर वळला आणि पाण्यात चालता झाला. दुसरा यापेक्षा कितीतरी जास्त टिकला होता.

गप्प बसलं असतं तर कुणाला कळलं नसतं. प्रयोगशाळेत नापास होणारे रेणू पैशाला पासरी. तो विचार मनात आला, खोटं कशाला बोला. मग ती धावतच जिना उतरली.

खाली रसायनं बनवणारी तिची मैत्रीण चंबूसमोर उभी राहून गुणगुणत होती.

"बरी आलीस! बघ, तुझा रेणू शिजतोय."

"अगं, मीटिंग व्हायचीय अजून!"

"सर हो म्हणणारच की. सकाळीच सगळा माल टाकला. तू केलेलं कुणी तपासत बसतं का?"

"तो बांधलेला होता," ती म्हणाली. "मी सोडायला विसरले."

मैत्रिणीने चंबूकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मी तरी एकदा विचारायला हवं होतं गं," मैत्रीण हळूच म्हणाली.

आणि हिला रडूच फुटलं. मैत्रिणीने शिव्या दिल्या असत्या तर हिने सोसल्या असत्या.