कोर्ट उठेपर्यंत

"सिस्टर, क्लच म्हणजे झुरळ नव्हे. एकदम पाय मारू नका, एकदम उचलूही नका. हळू... हळू... हं, चालली बघा!"

गाडी चालली, आणि चार हात पुढे जाऊन आचका देऊन बंद पडली. स्टिअरिंगवर बसलेल्या सिस्टर बासष्ट वर्षांच्या. जन्मभर इस्पितळात नोकरी करून निवृत्त झाल्या आणि गाडी शिकायचंच असं त्यांनी मनावर घेतलं. शेजारी बसलेले गाडीमास्तर हसले. एकतीस वर्षांत अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्याला शिकवायची त्यांची तयारी होती. त्यांच्या स्वतःच्या हातून आजवर साधा आरसासुद्धा फुटला नव्हता. दोन गाड्या, एक लहानसं ऑफिस, समजूतदार बायको आणि सतरा वर्षांची एकुलती एक लेक चिंगी. याहून जास्त काही असावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

फोन वाजला तेव्हा दुपारचे साडेचार झाले होते.

"तुमची मुलगी आमच्या ठाण्यात आहे," पलीकडून बाईचा आवाज आला. "गाडी चालवत होती. प्यायलेली आहे. एका सायकलवाल्याला उडवलंय. माणूस जिवंत आहे, इस्पितळात नेलाय. मुलीला काही लागलेलं नाही. तुम्ही या."

मास्तरांनी फोन खिशात ठेवायला चार वेळा प्रयत्न केला. खिसा सापडेना.

"सिस्टर, जरा उतरा. गाडी मला द्या. मला पोलीस ठाण्यात जायचंय."

सिस्टरांनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. "तुम्ही बसा. मी नेते."

"अहो, तुम्ही अजून मैदानाबाहेर गाडी काढलेली नाही."

"मास्तर, चाळीस वर्षं माणसांचे हात बघितलेत मी. या हातांनी आज गाडी चालायची नाही. तुम्ही तोंडाने सांगत राहा."

मास्तर तोंडाने सांगत राहिले. भर रहदारीतून गाडी ठाण्यापर्यंत गेली आणि वाटेत एकदाही बंद पडली नाही. पण त्या दिवशी याचं कौतुक करायला कुणी मोकळं नव्हतं.

चिंगी बाकावर बसली होती. शेजारी साध्या कपड्यांतल्या पोलीसबाई. परीक्षा संपली म्हणून एका मैत्रिणीच्या घरी पोरं जमली होती. घरचे मोठे बाहेर गेलेले. बिअरच्या बाटल्या आल्या, हिने दोन ग्लास घेतले. मग दोघी मैत्रिणींना घरी सोडते म्हणून निघाली आणि बागेच्या कोपऱ्यावर वळताना बागेतल्या माळ्याच्या सायकलला धडकली. नळीत फुंकायला लावल्यावर जो आकडा आला तो पोलीसबाईंनी मास्तरांना दाखवला. त्यांना आकडा दिसला, समजला नाही. समजला तो वास. लेकीच्या तोंडाला तो वास त्यांनी कधी कल्पनेतसुद्धा घेतला नव्हता.

चिंगीने मान वर केली नाही. "बाबांना यातलं काही माहीत नाही," ती म्हणाली. "गाडीची किल्ली मी चोरली."

पोलीसबाईंनी लिहून घेतलं.

मास्तरांनी तोंड उघडलं. किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला असायची आणि चिंगी ती त्यांच्या देखत घेऊन जायची. पंधराव्या वर्षी तिला त्यांनीच शिकवायला बसवलं होतं. गेल्या महिन्यात तर दुकानातून सामान आणायला तेच म्हणाले होते, "घेऊन जा गाडी, चालत कशाला जातेस?" शेजाऱ्यांना कौतुकाने सांगायचे, "लायसन्सवाल्यांपेक्षा आमची चिंगी बरी चालवते." हे सगळं जिभेपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी तोंड मिटलं आणि लेकीला घरी न्यायच्या कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी मेहुणा वकिलांना घेऊनच आला. मेहुण्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि गावात त्याच्या ओळखीचं नाही असं माणूस नव्हतं.

"दाजी, पोरगी हुशार निघाली," तो म्हणाला. "किल्ली चोरली म्हणाली, म्हणजे तुम्ही सुटलात."

वकिलांनी नीट समजावून सांगितलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकालाही दोषी धरतात. पालकाला खरोखर माहीत नव्हतं असं दिसलं तरच तो सुटतो. माहीत होतं म्हटलं की दंड, लायसन्स रद्द, ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना रद्द आणि न्यायाधीशांच्या मनात आलं तर कैदही. "मुलीचं जे व्हायचं ते होणारच आहे. घरचीच गाडी, चोरीचं कुणी धरून बसणार नाही. तुम्ही फक्त 'मला माहीत नव्हतं' एवढं म्हणायचं."

"तीन शब्द आहेत, दाजी," मेहुणा म्हणाला. "ते बोलायला काय जड आहे?"

मास्तरांची बायको दारात उभी होती. खिळ्यावरची उरलेली किल्ली तिने काढली आणि आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

तिसऱ्या दिवशी मास्तर माळ्याला भेटायला इस्पितळात गेले. वकिलांनी जाऊ नका म्हणून बजावलं होतं, तरी गेले. माळीबुवांचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात अडकवलेला, नखांत अजून बागेतली माती. मास्तरांनी आपण कोण ते सांगितलं आणि मान खाली घालून उभे राहिले. शिव्या पडतील, पडू देत, अशी मनाची तयारी करूनच ते आले होते.

"पोर वळली, पण वळायच्या आधी बाजूला बघितलं नाही हो तिने," माळीबुवा म्हणाले. रागाने नाही, नवलाने. "मी इतका मोठा माणूस, सायकलवर. तिने आरशात बघितलंच नाही. कुणी शिकवलं तिला?"

"मी," मास्तर म्हणाले.

एवढाच शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडला. घरी येताना त्यांच्या लक्षात आलं, गेल्या तीन दिवसांत आपण बोललेला हा पहिला खरा शब्द.

चिंगीचं प्रकरण बालन्यायमंडळापुढे आधी उभं राहिलं. तिथल्या न्यायाधीशबाई शांतपणे बोलत होत्या, त्यामुळे चिंगीला जास्तच रडू आलं. निकाल साधा होता. सहा महिने दर रविवारी इस्पितळाच्या अपघात विभागात काम, दर पंधरवड्याला समुपदेशन आणि पंचविसावं वर्ष पुरं होईपर्यंत गाडीचं लायसन्स नाही.

"पंचवीस?" मेहुणा बाहेर आल्यावर म्हणाला. "म्हणजे अजून आठ वर्षं! अहो, तोवर गाड्या उडायला लागतील."

चिंगीला हसू आलं नाही, पण रडू थांबलं.

महिन्याभराने मास्तरांची तारीख लागली. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते गेले. बायको आणि चिंगी मागच्या बाकावर, मेहुणा त्यांच्याशेजारी. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "मुलगी गाडी चालवते हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

वकिलांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. तीन शब्द.

"होतं साहेब," मास्तर म्हणाले. "मीच शिकवलं तिला. पंधरा वर्षांची असल्यापासून. किल्ली तिने चोरलेली नाही, ती मला वाचवायला खोटं बोलली. किल्ली खिळ्याला असते आणि ती घ्यायला तिला माझी मुभा होती. दारूचं मला माहीत नव्हतं. पण गाडीचं माहीत होतं."

मागून चिंगीचा आवाज आला, "बाबा!" शिपायाने तिला गप्प राहायची खूण केली. मेहुण्याने कपाळावर हात मारला, तो आवाज साऱ्या कोर्टाला ऐकू गेला.

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. "तुमचा धंदा काय?"

"गाडी शिकवतो."

"हं," न्यायाधीश म्हणाले आणि पुन्हा लेखणी उचलली.

दंड झाला. स्वतःचं लायसन्स रद्द, शिकवायचा परवाना एक वर्ष बंद, ठोकलेल्या गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द. आणि वर शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत कैद.

"म्हणजे तुरुंग?" मास्तरांच्या बायकोने घाबरून विचारलं.

"नाही ताई," वकील म्हणाले. "आजचं कोर्टाचं काम संपेपर्यंत त्यांनी इथेच या बाकावर बसून राहायचं. साहेब उठले की ते मोकळे."

सकाळचे साडेअकरा वाजले होते. मास्तर कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसले. मेहुणा थोडा वेळ धुसफुसला, मग दुकान उघडायला निघून गेला. चिंगी उठली आणि बापाशेजारी येऊन बसली.

"तुला नाही शिक्षा झालेली," शिपाई म्हणाला. "तू बाहेर बस."

"मी इथेच बसते," चिंगी म्हणाली. शिपायाने न्यायाधीशांकडे पाहिलं. न्यायाधीश दुसऱ्या कागदात गढले होते, किंवा तसं दाखवत होते. शिपायाने नाद सोडला.

दिवसभर एकामागून एक माणसं येत राहिली. भिंतीवरून भांडणारे दोघे भाऊ, भाडं थकलेला शिंपी, कुत्रा चावला म्हणून आलेली बाई आणि आमचा कुत्रा चावतच नाही म्हणणारा तिचा शेजारी. बाईने भर कोर्टात पोटरी दाखवायची तयारी केली तेव्हा मास्तरांना हसू आवरेना. त्यांनी रुमाल तोंडावर धरला. पाहिलं तर चिंगीनेही ओठ दाबून धरले होते. महिन्याभरात दोघं पहिल्यांदाच एका गोष्टीला हसत होते.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "का सांगितलंत?"

मास्तरांनी रुमालाची घडी केली. "माळीबुवांनी विचारलं होतं, कुणी शिकवलं म्हणून. त्यांना एक सांगायचं आणि साहेबांना दुसरं, हे काही जमेना."

"तुमची शाळा बंद झाली माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे माळीबुवांचं हाड मोडलं. शाळा माझ्यामुळे बंद झाली. दोन्ही एकत्र करू नकोस."

पाच वाजून दहा मिनिटांनी न्यायाधीश उठले. सगळे उभे राहिले, मास्तरही उभे राहिले. दाराशी बायको पाण्याची बाटली घेऊन थांबली होती. तिघं बसस्टॉपकडे चालत गेले, आणि त्या रात्री मास्तरांना महिन्यानंतर पहिल्यांदा शांत झोप लागली.

पुढचं वर्ष त्यांनी मेहुण्याच्या दुकानात काउंटरवर काढलं. मेहुण्याला वाटलं होतं दाजी तोंड पाडून बसतील. झालं उलटंच. जुने विद्यार्थी ब्रेकचे लायनर घ्यायला यायचे आणि तासभर मास्तरांना शंका विचारत बसायचे. मास्तर काउंटरवर बोल्ट मांडून चौक करायचे, वॉशरच्या गाड्या फिरवायचे, आणि प्रत्येक वेळी एक लहानसा स्क्रू कडेने चालवत म्हणायचे, "आणि हा सायकलवाला. याला बघितलं का आधी?"

"दाजी, हे दुकान आहे," मेहुणा कुरकुरायचा. पण गिऱ्हाईक वाढलं होतं, म्हणून फार नाही.

चिंगी रविवारी इस्पितळात जायची. माणसांना चाकाच्या खुर्चीतून एक्स-रेला न्यायचं, त्यांच्या नातेवाइकांना बसायला जागा करून द्यायची, फरशीवर काही सांडलं तर पुसायचं. पहिल्या रविवारी घरी येऊन जेवली नाही. चौथ्या रविवारी म्हणाली, "आज एक मुलगा आला होता, माझ्याच वयाचा." माळीबुवा बरे होऊन कामावर गेले. हात मात्र खांद्याच्या वर जाईना. कधी तरी चिंगी कॉलेजातून येताना वाट वाकडी करून बागेत जायची आणि उंच फांद्या छाटून द्यायची. "छाटते वाईट," माळीबुवांनी मास्तरांना सांगितलं, "पण येते." सहा महिने संपले तरी तिचं रविवारी इस्पितळात जाणं थांबलं नाही.

वर्ष सरलं. शाळेचा परवाना परत मिळायचा होता, पण त्याआधी मास्तरांना स्वतःचं लायसन्स नव्याने काढायचं होतं. म्हणजे परीक्षा. सकाळी परिवहन कार्यालयाच्या मैदानावर अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत छप्पन्न वर्षांचे मास्तर उभे राहिले. पोरं एकमेकांना कोपरं मारत होती. एकाने विचारलंच, "काका, पहिल्यांदाच का?"

"दुसऱ्यांदा," मास्तर म्हणाले.

"मागच्या वेळी नापास झालात?"

"तसंच म्हणायचं."

त्यांची पाळी आली. हातात कागद घेऊन जो तरुण अधिकारी पुढे आला त्याने नाव वाचलं आणि तो जागच्या जागी थबकला. सात वर्षांपूर्वी गाडी मागे घ्यायची त्याची भीती मास्तरांनीच घालवली होती.

"सर, तुम्ही?" तो ओशाळून म्हणाला. "अहो, तुमची कसली परीक्षा घ्यायची? मी खूण करून टाकतो. तुम्ही बसा सावलीत."

मागे पोरांची रांग होती. कुंपणापलीकडे चिंगी उभी होती. आज कॉलेज बुडवून बापाबरोबर बसने आली होती. तिला आणखी सात वर्षं या फाटकाच्या आत रांगेत उभं राहता येणार नव्हतं.

"नको साहेब," मास्तर म्हणाले. आपल्या विद्यार्थ्याला त्यांनी आजवर कधी साहेब म्हटलं नव्हतं. "बसा माझ्याशेजारी. नीट बघा आणि जे दिसेल ते लिहा."

अधिकारी परीक्षेच्या गाडीत बसला. मास्तरांनी सीट पुढे घेतली, पट्टा लावला, एकेक करून तिन्ही आरसे जुळवले. मैदान समोर रिकामं पडलं होतं. तरी त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून विचारलं,

"साहेब, निघू?"