डी.ओ. लेटर

"आजोबा, प्लीज, आत्ता नको," बंद दाराआडून दीक्षाचा आवाज आला.

लहू गणवीर पोह्यांची बशी घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहिले. त्यांची नात चार दिवसांपासून धड जेवत नव्हती. गेल्या वर्षी असंच सुरू झालं होतं. पोरीने एकोणीस मेडिकल कॉलेजांना अर्ज केले आणि एकोणीस ठिकाणांहून गोड भाषेत नकार आले. त्यानंतर दोन महिने ती या खोलीतून जेमतेम आंघोळीपुरती बाहेर यायची. त्या दोन महिन्यांत रोज सकाळी लहूंनी या दाराला कान लावून आत श्वासाचा आवाज येतो का ते ऐकलं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, मुलाला धम्मदीपलाही नाही.

आज कान लावायची गरज नव्हती. ती फोनवर मैत्रिणीशी रडत बोलत होती. भराभर इंग्रजीतलं फारसं काही लहूंना कळेना, पण दोन शब्द मात्र लख्ख ऐकू आले. डी.ओ. लेटर. डी.ओ. लेटर आलं नाही. शुक्रवार शेवटचा. ते नसेल तर फाइल उघडणारच नाहीत.

लहूंनी कान टवकारले. फ्रीमाँटला मुलाकडे येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत या घरातली एकही अडचण त्यांच्या ओळखीची निघाली नव्हती. ही निघाली! भंडाऱ्याकडच्या एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला डी.ओ. लेटर म्हणजे काय ते सांगायला नको. अर्धशासकीय पत्र. साधं पत्र या खात्यातून त्या खात्यात जातं आणि तिथे धूळ खात पडतं. डी.ओ. मात्र एका साहेबाने दुसऱ्या साहेबाला नावानिशी लिहायचं असतं. काम अडलं की तेच लागतं. अशी हजारो पत्रं त्यांनी टाइप केली होती. मजकूर सगळा कारकुनाचा, पण वरचं 'माय डिअर' आणि खालची सही साहेबाच्या हातची. कारकुनाने त्या दोन जागा कोऱ्या सोडायच्या, आणि साहेबाने सही भलतीकडे ठोकू नये म्हणून खाली पेन्सिलीने बारीक फुली मारायची.

ते खाली आले. पोहे झाकून ठेवले आणि जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले. सून अंजना पलीकडच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. धम्मदीप कामावर गेला होता. तासाभरात इंग्रजीत, वळणदार अक्षरात मसुदा तयार झाला, वरची जागा कोरी आणि खाली पेन्सिलीची फुली. कॉलेजच्या डीनसाहेबांना कळवण्यात येते की, कुमारी दीक्षा ही कष्टाळू, प्रामाणिक व सेवाभावी उमेदवार असून तिच्या प्रकरणी आपण जातीने लक्ष घालावे.

पाणी प्यायला दीक्षा खाली उतरली तेव्हा तिचे डोळे सुजले होते.

"हे काय आहे?"

"तुझं डी.ओ. लेटर, बेटा. आता फक्त कुण्या मोठ्या माणसाची सही पाहिजे."

तिने कागद उचलला, वाचला, पुन्हा वाचला. मग तिच्या घशातून विचित्र आवाज आला. लहू घाबरून उठले. पण ती हसत होती.

"ओह माय गॉड, आजोबा! डी.ओ. म्हणजे डॉक्टर! एम.डी. असतात ना, तसेच डी.ओ. असतात, ऑस्टिओपॅथिक. दोघंही रिअल डॉक्टर्स, सेम हॉस्पिटल, सेम औषधं, सगळं सेम. डी.ओ. लोक हातांनी मसल्स, बोन्स ट्रीट करायलापण शिकतात. लास्ट इयर मी ओन्ली एम.डी.ला अप्लाय केलं होतं. धिस टाइम दोन्हीकडे केलंय."

"म्हणजे हाडवैद्य?"

"नाही हो!" ती आणखी हसली. "आणि हे जे स्कूल मला मोस्ट हवंय ना, त्यांना डी.ओ. डॉक्टरचंच लेटर लागतं. समरमध्ये मी एका क्लिनिकमध्ये शॅडो करत होते, डॉक्टरांच्या मागे राहून काम बघायचे, आठवतं? त्या डॉक्टर देणार होत्या."

लहूंना लाज वाटली, तरी त्या हसण्यापुढे लाजेचं काही वाटेना. "मग त्या बाईले आठवण दिली का?"

हसणं थांबलं. "ईमेल लिहिलं. दोनदा. सेंड नाही केलं."

"काहून?"

"त्या सो बिझी असतात. मी पुशी, मागे लागल्यासारखी वाटले आणि त्या चिडल्या तर? लेटर वाईट लिहिलं तर? लिहिलंच नाही तर?" ती खुर्चीत बसली. "मला खूप भीती वाटते, आजोबा. याही वर्षी नाही झालं तर मी... आय डोन्ट नो."

ते वाक्य तिने पुरं केलं नाही. लहूंनी आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"ऐक," ते म्हणाले. "एक सांगतो. तुझ्या बापालेही नाही सांगितलं."

तेहतीस वर्षांपूर्वी त्यांची बायको रेखा नागपूरला दवाखान्यात होती आणि ते नोकरीच्या गावी अडकले होते. नागपूरला बदली हवी होती. साहेब भले होते. म्हणाले, "गणवीर, वरच्या साहेबांना डी.ओ. टाइप करून आणा, सही करतो." लहूंनी तासाभरात पत्र टाइप केलं, फुली मारली आणि टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर एक फाइल आली. मग आणखी दोन. कागदाचा कोपरा त्यांना रोज दिसायचा. साहेब, तेवढी सही, एवढे तीन शब्द बोलायचे होते. ते रोज दारापर्यंत जायचे आणि चहाचं विचारून परत यायचे. साहेब चिडले तर? आपल्यासारख्याने घाई केलेली त्यांना खपली नाही तर? असे चौदा दिवस गेले. पंधराव्या दिवशी नागपूरहून फोन आला, आणि बदलीची गरज उरली नाही.

आजी लवकर गेली एवढंच दीक्षाला माहीत होतं.

"गाडीची चावी घे," लहू म्हणाले. "ईमेल नको. समोर जाऊन उभं राहाचं."

"आत्ता? अपॉइंटमेंट नाहीये!"

"सही घ्याले अपॉइंटमेंट नाही लागत."

बोलून तर गेले, पण गाडी फ्रीवेला लागली तशा त्यांना शंका येऊ लागल्या. बाई खरंच चिडल्या तर? आपण म्हाताऱ्याने मध्ये तोंड घालून पोरीचं होतं नव्हतं ते घालवलं तर? दीक्षाची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती.

क्लिनिकच्या काउंटरवरची मुलगी गोड हसली. डॉक्टर पेशंटबरोबर आहेत, निरोप ठेवा, म्हणाली.

"इट्स ओके," दीक्षा लगेच म्हणाली आणि मागे वळली. लहूंनी तिचं मनगट धरलं.

"वी विल स्टँड," ते काउंटरवरच्या मुलीला म्हणाले.

तिने खुर्च्यांकडे हात केला. ते बसले नाहीत. बसलं की उठायचं धैर्य राहणार नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. ऑपरेशन झालेला गुडघा ठणकू लागला. दार उघडलं की दरवेळी ते मान वर करून बघायचे.

अखेर डॉक्टरबाई बाहेर आल्या. दीक्षाला पाहिलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. मग त्या घाईघाईने काहीतरी बोलल्या. दीक्षाने हळूच मराठीत सांगितलं, "लेटर तीन वीक्सपासून रेडी आहे, आजोबा. कॉम्प्युटरमध्ये आहे. फक्त साइन राहिली."

लहूंनी काउंटरची कड घट्ट धरली.

"मॅडम," ते म्हणाले. आवाज थरथरत होता, तो त्यांनी थरथरू दिला. "प्लीज साइन नाऊ. आय ॲम हिअर."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चिडल्या नाहीत. काउंटरवरच्याच कॉम्प्युटरवर वाकल्या, दोन-चार बटणं दाबली आणि सरळ झाल्या. अर्धं मिनिट लागलं असेल. मग सॉरी म्हणत त्यांनी दीक्षाच्या खांद्यावर थोपटलं.

गाडीत बसल्यावर लहूंनी पट्टा लावला आणि चष्मा काढला. "अर्ध्या मिनिटाचं काम होतं," ते म्हणाले. कोणत्या सहीबद्दल ते दीक्षाने विचारलं नाही. गाडी सुरू न करता ती बराच वेळ त्यांचा हात धरून बसली.

संध्याकाळी फाइल पूर्ण झाल्याचं स्क्रीनवर आलं. अंजनाने बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. दीक्षा सकाळचे गार पोहे तसेच खात होती.

"आता इंटरव्ह्यू नाही आला तर?"

"ते मले नाही माहीत, बेटा," लहू म्हणाले. भीती काही गेली नव्हती. दोघांच्या वाट्याला सारखी आली होती, एवढंच.

दीक्षाने टेबलावरचा त्यांचा मसुदा पुढे ओढला. "आजोबा, हे वरती ब्लँक का आहे?"

"तिथं साहेब ज्याले पत्र लिहितात त्याचं नाव हातानं घालतात."

"मग माझं घाला. हे मला हवंय."

"डी.ओ.वर कारकुनाची सही चालत नाही."

तिने पेन पुढे केलं. लहूंनी वरच्या कोऱ्या जागेत शाईने 'माय डिअर दीक्षा' लिहिलं. मग खोडरबर मागून घेतलं, खालची पेन्सिलीची फुली पुसली, कण फुंकले आणि त्या जागी आपलं पूर्ण नाव लिहून सही केली. शाई वाळेपर्यंत ते थांबले. आणि मग सही झालेला कागद हातात धरून तसेच बसले, कारण इथून पुढे तो कुठे न्यायचा ते कचेरीत दरवेळी साहेबच सांगत आले होते.