तिखटाचा लाल डाग

मित्रांनो, मी एक जुना स्पेसर आहे. दम्याच्या पंपाला जोडायची प्लास्टिकची जाड नळी. एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला लेकरू. औषध जिभेवर न बसता छातीत उतरतं ते माझ्यामुळे. आणि अशा मला गोपिकाबाईंनी नरसाळं केलं! विसरेन का मी? मुळीच नाही.

दामिनी त्यांची नात, आठ वर्षांची. धूळ किंवा तिखटाचा खकाणा नाकात गेला की तिची छाती सूं सूं वाजायची. धंतोलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन पंप दिले. एक रोजचा, आतली सूज कमी ठेवणारा. दुसरा निळा, दम लागला तर घ्यायचा. चार महिने मी इमानाने राबलो. दामिनी शाळेत लंगडीत पहिली आली.

तिथेच घात झाला.

"पोरगी चांगली हाय आता. काहून देऊन राहिली वं पंप? सवय लागन तिले," गोपिकाबाई सुनेला, भावनाला म्हणाल्या. भावनानेही ऐकलं. रोजचं औषध बंद!

गोपिकाबाई इतवारीच्या बाजारातल्या दुकानांसाठी घरीच तिखटाची पाकिटं भरायच्या. त्यांनी माझे दोन भाग उघडले आणि अर्ध्यातून तिखट ओतायला लागल्या. अंगाची नुसती आग! मी मनात म्हटलं, थांब म्हातारे, तुझी पाळी येईल.

आली, पण दामिनीवर. एका दुपारी आजी तिखट भरत होती आणि ती जवळच बसली होती. खोकला सुटला, ओठ निळे पडले, तोंडातून शब्द फुटेना. गोपिकाबाईंनी मला झडप घालून उचललं, तर आत लाल तिखट! शपथेवर सांगतो, असा सूड मला नको होता. भावनाने निळा पंप माझ्याशिवाय तसाच तिच्या तोंडात धरला, रिक्षा धंतोलीला पळवली. पोर वाचली.

घरात नवा स्पेसर आला, तिखटाचा डबा बाहेर गेला. रोजचा पंप आता आजीच देते, एकेक श्वास मोजत. मला मात्र भावनाने फेकलं नाही. धुतलं, तरी डाग गेला नाही. तसंच दाराजवळच्या खिळ्याला टांगलं.

काल शेजारच्या पुष्पलताबाई आल्या. "हे काय वं टांगलं?"

गोपिकाबाईंनी मान खाली घातली. "माही चूक हाय, बाई. पोरगी बरी दिसली म्हून मी तिचं औषध तोडलं."

काय गार वाटलं मला! मित्रांनो, बरं वाटलं म्हणून रोजचा पंप आपल्या मनाने सोडू नका. डॉक्टरांना विचारा. आणि स्पेसर स्वच्छ, हाताशी ठेवा.

उद्या आमच्याकडे हळदीकुंकू आहे. गल्लीतल्या सगळ्या बायका याच दारातून येणार, मला पाहून विचारणार. मी वाट पाहतोय.